शब्द कोणी मोडला?

अमेरिकेत २००० साली 'सर्व्हायव्हर' ही दूरचित्रवाणी स्पर्धा सुरू झाली. बोर्निओजवळील पुलाव तिगा बेटावर १६ स्पर्धक, ३९ दिवस आणि विजेत्यास दहा लाख डॉलर. मतदानाने एकेकाला घालवायचे. परंतु अखेरच्या दोघांतून विजेता निवडायचा तो घालवलेल्यांपैकीच सात जणांनी! ज्याचा घात केला त्याच्याच दारी मत मागायचे. (नियम करणारा मोठा वस्ताद असावा.)

रिचर्ड हॅच आणि वृद्ध रूडी बोएश यांनी एकमेकांना शेवटपर्यंत साथ देण्याचे ठरवले होते. तिघे उरले तेव्हा खांबावर हात ठेवून उभे राहण्याची कसोटी लागली. हॅच जिंकता, तर त्याला रूडीस घालवून शब्द मोडावा लागता, नाहीतर लोकप्रिय रूडीशीच अंतिम सामना करावा लागता. त्याने आपणहून हात काढला. केली विगल्सवर्थ जिंकली. रूडीला तिने घालवले. शब्द मोडला, पण हॅचचे हात कोरडेच!

रूडीने मत हॅचलाच दिले. सू हॉक तर केलीची मैत्रीण. पण तिला घालवण्यात केलीचा हात होता. सूने हॅचला साप आणि केलीला उंदीर म्हटले. सापाचा निदान उघडपणा तरी तिला मान्य होता. मैत्रिणीचा घात मात्र तिला सोसवला नाही, असे मला वाटते. हॅच चार विरुद्ध तीन मतांनी जिंकला. त्या चारांत एक मत सूचे होते.