तारुण्याचे इंजेक्शन आणि दीर्घायुष्य

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वय ६१. त्यांची मुलगी होमिओपॅथीची पदवी घेऊन मुंबईला गेली आणि गेली तीन वर्षे दादरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये काम करते. राहायला लालबागला मावशीकडे. सुट्टीत घरी आली की आईच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणते, ‘‘आई, फार थकलेली दिसतेस गं. चार इंजेक्शने घे, दहा वर्षे मागे जाशील.’’ या इंजेक्शनांनी नुसता चेहरा तरुण होतो की आयुष्यही वाढते, असा आईंचा प्रश्न आहे. पुढे त्या लिहितात की, मुलीने मैत्रिणीकडून आणलेली एक गोरेपणाची क्रीमही दिली आहे. डबीवर काही छापलेले नाही, पण पुतणीने लावून पाहिली तर आठ दिवसांत रंग उजळला. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे एक वाक्य आहे : ‘मुलीचे स्वतःचे हिमोग्लोबिन ८ आले आहे, काळजी वाटते.’

उत्तराला सुरुवात त्या डबीपासूनच करावी लागेल, कारण ते काम आजचे आहे. पुतणीने ती क्रीम आजपासून लावू नये. नाव नाही, कंपनी नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि आठ दिवसांत रंग उजळतो, अशा क्रीममध्ये बहुधा दोनपैकी एक वस्तू असते. एक तर पारा, नाहीतर तीव्र स्टिरॉइड.

पाऱ्याची हकिगत आपल्या विदर्भातलीच आहे. अकोल्यातील एकाच घरातील आई आणि दोन मुली अशा तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांतून आली. तिघींमध्ये समान धागा एकच, ब्युटी पार्लरमधून आणलेली क्रीम. परळच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली आणि तिच्यात मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक पारा चालत नाही. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असाच अनुभव आला. २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या चाळणीच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण त्यांनी नोंदवले. त्यांतील १५ जणांमध्ये विकाराचा एकच प्रकार सापडला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते.

पारा त्वचेचा रंग तयार करणारी यंत्रणा बंद पाडतो, म्हणून रंग खरोखरच उजळतो. लोक फसतात ते इथेच. औषध खोटे असते तर कोणी दुसऱ्यांदा घेतले नसते! पण लावलेला पारा त्वचेवर राहत नाही, तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची चाळणी सैल झाली की रक्तातली प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. वेळीच क्रीम बंद केली तर बरेच रुग्ण सुधारतात. म्हणून पुतणीची लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ही साधी तपासणी जिल्हा रुग्णालयातही होते. डबी फेकू नये, डॉक्टरांकडे घेऊन जावी. तोच टॉवेल, तीच उशी वापरणारे कोणी घरात असेल तर तेही सांगावे.

स्टिरॉइडचे दुखणे वेगळे. ती क्रीम पहिले काही आठवडे चेहरा नितळ करते. नंतर कातडी कागदासारखी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, बायकांना लव वाढते, उन्हात गेले की आग होते. क्रीम बंद केली की चेहरा अधिकच पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही लग्नसराई जवळ आली की ती काउंटरवरून कशी जातात, हे गावातल्या मेडिकल स्टोअरवर अर्धा तास उभे राहिले तरी कळेल.

आता इंजेक्शनांविषयी. आठ्यांसाठी दिले जाणारे बोटॉक्स हे मुळात एका जिवाणूचे विष. अत्यंत सूक्ष्म मात्रेत ते दिले की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. कपाळाचा स्नायू आक्रसत नाही, म्हणून आठी पडत नाही. आधी ते डोळ्यांच्या विकारांवर वापरले जाई. कॅनडात व्हँकुव्हर येथे नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती यांनी कपाळावरच्या आठ्यांवर त्याचा उपयोग दाखवला आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. परिणाम तीन-चार महिने टिकतो. दुसरे इंजेक्शन भरावाचे, म्हणजे फिलर. गालाचा खळगा किंवा ओठ त्याने भरून येतो. हे नवख्या हातून रोहिणीत गेले तर तेथील कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. तेव्हा इंजेक्शन देणाऱ्याची पदवी आणि या कामाचे शिक्षण विचारणे यात काही उद्धटपणा नाही. राहिले ते गोरेपणाचे आणि ‘तारुण्याचे’ सलाईन. त्यात बहुधा ग्लुटाथिऑन असते. रंग उजळण्यासाठी शिरेतून ते देण्याला मान्यता नाही आणि त्याने आयुष्य वाढल्याचा पुरावाही नाही.

आयुष्याच्या हिशेबात यांपैकी एकही इंजेक्शन मोजता येत नाही. कपाळावरची आठी गेली म्हणून हृदयाची रोहिणी मोकळी होत नाही. हौस म्हणून, ऐपत असेल आणि हात जाणकार असेल तर घ्यावे. मी स्वतः याच व्यवसायात आहे, तेव्हा लोकांच्या हौसेला नावे ठेवणे मला शोभणार नाही.

शिवाय रूप सुधारणे हे वैद्यकातले हलके काम आहे असेही मला वाटत नाही. मुंबईत वडाळ्याला १८९० पासून महारोग्यांसाठीचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय आहे. ज्यांच्या नावाने ते आहे ते महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ मराठी पोवाड्यांचे संग्राहक म्हणूनही ओळखले जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. कुष्ठरोगात नाक बसते, भुवया झडतात, बोटे वाकतात. रोग बरा झाला तरी चेहरा पाहून लोक दूर सरकतात आणि माणूस घराबाहेरच राहतो. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी अशा रुग्णांची नाके उभी केली, हात सरळ केले. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलिज यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. श्रीमंतांच्या सुरकुत्या काढून सहज मोठा झाला असता. त्यांनी १९७५ मध्ये सामाजिक आरोग्याच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि रायगड जिल्ह्यात मांडव्याच्या परिसरात खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते वारले. कातडीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला आरोग्य कातडीच्या पलीकडे दिसले, ही गोष्ट आमच्या व्यवसायातल्या तरुण मुलामुलींना कोणी सांगत नाही.

चेहरा म्हातारा कशाने होतो? वयाने होतोच, पण उन्हाने अधिक. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. २८ वर्षे गाडी चालवलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतून ऊन डाव्या गालावर. तो गाल जाड, खोल सुरकुत्यांचा. उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. माणूस एकच, वय एकच! काचेतून येणारे अतिनील किरण त्वचेचा आधार असलेले कोलॅजन तोडतात. आपल्याकडे शेतावर, बाजारात, एस.टी.च्या खिडकीशी बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दहा ते चार या वेळात छत्री, टोपी, डोक्यावरून घेतलेला पदर. सनस्क्रीन परवडत असेल तर उत्तमच, पण छत्री नसताना नुसत्या सनस्क्रीनवर विसंबू नये.

दुसरे कारण तंबाखू. धुराने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो. मशेरी लावणाऱ्या भगिनींना वाटते की आपण काही तंबाखू खात नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, दुसरे काही नाही. आणि सुपारी-गुटख्याने गालांची आतली बाजू ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात पदपथावर मुक्काम करून राहिलेली आपल्याच जिल्ह्यांतली कुटुंबे पाहिली की बंदीचा अर्थ कळतो.

पत्रलेखिका भगिनींना मी चेहरा सोडून एक परीक्षा घ्यायला सांगेन. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत बसावे, हात छातीवर घडी करावेत आणि ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा होते ते कोणाला तरी मोजायला लावावे. शेजारी आधाराला माणूस असावे. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला १२ वेळा आणि पुरुषाला १४ वेळा तरी जमायला हवे. त्याहून कमी झाले तर मांड्यांचे स्नायू उतरले आहेत असे समजावे. पडणे, खुब्याचे हाड मोडणे, अंथरूण धरणे, आपल्याकडच्या म्हातारपणाची ही वाट बहुतेक घरांनी पाहिलेली आहे. तिची सुरुवात या मांड्यांत होते. गुडघे फार दुखत नसतील तर हेच उठणे-बसणे रोज थोडे थोडे करणे हा व्यायाम.

जिन्याचे महत्त्व तर डबलडेकर बसने सिद्ध केले आहे. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले की दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मुंबईत बेस्टच्या जुन्या डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. गिरगाव-परळच्या चाळींतला लाकडी जिनाही आता टॉवरच्या लिफ्टला जागा देतो आहे. जिन्याबरोबर गॅलरीही जाते. गॅलरीत शेजारणीशी होणाऱ्या गप्पा हेही एक औषधच होते. शिवाजी पार्कला संध्याकाळी फिरायला येणारे काही आजोबा फेरी एक मारतात आणि कट्ट्यावर तासभर बसतात, यावर मी पूर्वी हसत असे. आता हसत नाही.

जेवणात प्रथिने कमी पडतात. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४४ ग्रॅम. चहा-पोळी, भात-आमटी यांतून तेवढी क्वचितच मिळतात. मोड आलेली मटकी, दही-ताक, चणे-दाणे, चालत असेल तर अंडी, बोंबील यांची भर घालावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि रक्तदाब, रक्तातली साखर वर्षातून एकदा तपासावी. इंजेक्शनाच्या पैशात या तपासण्या किती वर्षे होतील, याचा हिशेब त्यांनीच करावा. महर्षी कर्वे १०४ वर्षे जगले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यातल्या शाळांसाठी नवी संस्था काढली आणि तिच्यासाठी पायी फिरून वर्गणी गोळा केली. सगळ्यांनाच १०४ मिळणार नाहीत, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पायी फिरता येणे हे मागण्यासारखे आहे.

राहिली मुलगी. हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे, तिचे ८ आहे. दुसऱ्यांचे वय लपवणाऱ्या या व्यवसायात काम करणाऱ्यांचे दिवस मी रोज पाहतो. सकाळी लोकलची गर्दी, मग दहा तास उभ्याने, जेवण चार वाजता वडापाव आणि कटिंग चहा, रात्री घरी पोचेपर्यंत अकरा. चेहरा मात्र झकपक ठेवावा लागतो, कारण तोच दुकानाचा फलक. डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि केस गळणे ही रक्त कमी असल्याची खूण असू शकते, आणि या मुली ती मेकअपने झाकतात. तिने आधी कारण शोधावे. मासिक पाळीत रक्त जास्त जाते का, जंत आहेत का, शाकाहारी असेल तर बी-१२ कमी आहे का. लोहाची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करावी, लिंबाबरोबर घ्यावी आणि चहा तिच्याआधी-नंतर तासभर टाळावा. लेझरने केस जाळताना धूर निघतो, तेव्हा खोलीत हवा खेळती हवी, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर योग्य चष्मा हवा. पायाच्या शिरा फुगू नयेत म्हणून दर तासाला पाच मिनिटे बसणे तिने मागून घ्यावे. मालक नाही म्हणणार नाहीत. म्हणालेच तर दादरला क्लिनिके पुष्कळ आहेत.

गोळी सुरू केल्यावर महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते साधारण एकदोन ग्रॅमने वाढलेले असायला हवे. वाढले नाही तर फिजिशियनला दाखवावे, आणि वाढले तरी गोळी पुढे तीन महिने चालू ठेवावी.