भाकरीची जमीन

सोलापूर शहरातून अक्कलकोटच्या सडकेने बाहेर पडले, की महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत लागते. लोक तिला ‘अक्कलकोट रोड एमआयडीसी’ म्हणतात. तेथे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि सोलापूरचे प्रसिद्ध टॉवेल विणले जातात. अनेक घरांतील चूल या मागांच्या आधारावर पेटते. असे उद्योग वाढले, की वस्ती वाढते, रस्ते रुंद होतात आणि शहर हळूहळू पुढे सरकते.

शहर जिकडे सरकते, तिकडे बहुधा शेते असतात. शेत ‘बिगरशेती’ झाले, की त्याचे मोजमापच बदलते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. परंतु काल एकराने मोजलेली जमीन आज चौरस फुटाने विकली जाते. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या शेतकऱ्याला त्या भावाचा मोह पडला, तर त्याला दोष कसा द्यावा?

सोलापूर जिल्हा हे रब्बी ज्वारीचे कोठार. येथील खोल काळी जमीन पावसाचे पाणी पोटात साठवून ठेवते. पावसाळा सरता सरता पेरणी होते आणि पुढे त्याच ओलीवर पीक वाढते. याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेले मालदांडी वाण सर्वत्र नावाजले गेले. त्याचे दाणे माणसाला आणि कडबा गुरांना, असे दोघांचेही पोट ते भरते.

एका एकरात ४ क्विंटल ज्वारी पिकली आणि एका घराला रोज २ किलो लागली, असे धरले, तर तो एकर त्या घराला २०० दिवस भाकरी देतो. त्यावर इमारत उभी राहिली, की ही भाकरी कायमची जाते.

ज्वारी एके काळी गरिबाचे धान्य होती. २०१४-१५ साली मालदांडीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला १,५५० रुपये होती. २०२४-२५ साली ती ३,४२१ रुपये झाली. त्या वर्षी गव्हाची किंमत २,२७५ रुपये होती. या वाढीचे कारण एकच नाही. मजुरी वाढली, मशागत महागली. पुष्कळ शेतकरी उसाकडे वळले. त्यात शहरालगतची जमीनही कमी होत गेली.

मग कारखाने नकोत काय? तसे नव्हे. हातांना काम हवे आणि पोटाला अन्नही हवे. कारखाना मुरमाड माळावरही उभा राहतो. रब्बी ज्वारीला मात्र ओल धरणारी काळी जमीनच लागते. ही माती बनण्यास हजारो वर्षे लागली. कारखाना पाडून दुसरीकडे बांधता येतो, पण गेलेली काळी जमीन कोणत्याही मागावर विणता येत नाही. म्हणून जागा निवडताना आधी माती पाहावी, यातच शहराचेही हित आहे.

अभ्यास
१. काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतरही पीक कसे वाढते?
२. आपल्या घरी महिन्यास किती धान्य लागते, ते विचारून लिहा.