वरून काहीच लागलं नव्हतं

धुळे-जळगावच्या शवविच्छेदनगृहांत उभं राहून जे कळत गेलं, त्यातलं थोडं.

१. कातडीवर विश्वास ठेवू नये. मोटारसायकलवरून पडलेला पोरगा स्वतः उठतो, पारोळ्याच्या टपरीवर चहा घेतो, घरी जातो. रात्री पोट दुखायला लागतं. सकाळी वडील आमच्या दाराशी उभे : "साहेब, त्याले ते काहीच लागेल नही शे." आणि खरंच, डाव्या बरगड्यांखाली हँडलच्या मुठीचा रुपयाएवढा निळसर वळ, बस्स. पोट उघडलं की दोन-अडीच लिटर रक्त आणि फाटलेली प्लीहा. रक्त आधी प्लीहेच्या आवरणाखाली साठतं. ते आवरण कधी काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही फुटतं. त्यामुळे 'चांगला चालत आला होता' याला आमच्या लेखी काही किंमत नाही.

२. तरुणाची बरगडी वाकते आणि पुन्हा जागेवर येते. तिच्याखालचं यकृत मात्र फाटलेलं असतं. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं की निर्धास्त होणारे नातेवाईक असतात, डॉक्टरही असतात. साठीपुढच्या माणसाचं उलट : बरगडी मोडते आणि फुप्फुसात घुसते.

३. बीपी उशिरा पडतं. अंगात रक्त साधारण पाच लिटर. त्यातलं दीडेक लिटर पोटात जाईपर्यंत धडधाकट तरुणाचं बीपी तग धरू शकतं. त्याआधी नाडी पळते, हातपाय गार पडतात, माणूस पाणी मागतो. (देऊ नये, ऑपरेशन लागू शकतं.) नाडी पुन्हा पुन्हा मोजावी. पहिली सोनोग्राफी चांगली आली तरी थोड्या वेळाने दुसरी करावी.

४. बेशुद्ध किंवा प्यायलेला माणूस पोट दुखतंय म्हणून सांगणार नाही. सगळ्यांचं लक्ष फुटलेल्या डोक्याकडे लागतं आणि पोट राहून जातं. हेल्मेटबद्दल मी नवीन काय सांगू? ते आरशाला टांगलेलं असतंच.

५. समोरासमोरच्या धडकेत ड्रायव्हरची छाती स्टिअरिंगवर आदळते. महाधमनीची कमान हलती, तिच्यापुढचा भाग पाठीच्या कण्याशी जखडलेला. बहुतेक वेळा ती त्या सांध्यावरच फाटते. मग १०८ पाच मिनिटांत आली तरी फारसा उपयोग नसतो. सीटबेल्ट लावला असेल तरच काही आशा.

६. मालावर माणसं बसवू नयेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईची आयशर उलटली आणि रावेरकडचे किमान १५ मजूर गेले. मालाखाली दबलेला माणूस एकही हाड न मोडता मरू शकतो, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. चेहरा-मान जांभळी पडते, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. तरी केळीच्या गाडीवर माणसं दिसतातच. भाडं वाचतं ना.

७. पीएम अहवालात नुसतं 'रक्तस्रावाने मृत्यू' लिहून भागत नाही. अपघात दाव्यात विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो, "बाहेर जखम नाही, मग मृत्यू अपघातानेच कशावरून?" म्हणून कातडी सोलून खालचा स्नायू पाहावा; वर न दिसलेला मुका मार तिथे काळानिळा दिसतो. तो किती सेंटीमीटर, प्लीहेची चीर केवढी, पोटात रक्त किती, हे सगळं आकड्यांत लिहावं. मयताच्या बायकोची भरपाई त्या आकड्यांवर अडते.