अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ सांभाळूया



लकवा, मोडलेला खुबा किंवा म्हातारपणामुळे अंथरुणाला खिळलेली माणसे आपल्या श्रीरामपूरच्या वस्त्यांत घरीच सांभाळली जातात. महावग्गात प्रसंग आहे : हगवणीने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता, जवळ कोणी नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. अशी सेवा करताना बेडसोअर म्हणजे काय, हे आपल्याला माहीत हवे.

जखम का होते?
हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी सतत दबली की रक्त पोचत नाही आणि मांस मरते. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, कोपर या जागा रोज पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे काळपट-जांभळा रंग, गरमपणा किंवा कडकपणा तपासावा.

घरी काय करावे?
- दर 2 तासांनी कूस बदलावी. ओढू नये, चादरीसकट दोघांनी उचलावे.
- पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते.
- लघवी-शौच झाल्यावर लगेच पुसून कोरडे करावे.
- डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे द्यावेत. किडनीचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारावे. साखर आटोक्यात ठेवावी.
- जखम धुण्यासाठी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 2 लहान चमचे मीठ घालावे. वर स्वच्छ पट्टी बांधावी.

काय करू नये?
लाल जागा चोळू नये. खाली रबरी रिंग ठेवू नये. जखमेत हळद, राख, चुना किंवा पावडर भरू नये.

दवाखाना कधी?
पू, दुर्गंधी, ताप, काळे पडलेले मांस, दिसणारे हाड, यांपैकी काहीही आढळल्यास सरकारी रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात न्यावे. तब्येत फारच खालावली असेल तर 108 ला फोन करावा. वास येतो, लोक काय म्हणतील, म्हणून जखम लपवू नये. लपवलेल्या जखमेचे विष रक्तात भिनून माणूस दगावतो.

रात्रीच्या पाळ्या घरातल्या सर्वांनी वाटून घ्याव्यात. सेवा ही एकट्या सुनेची जबाबदारी नाही. मुलाने, नातवानेही हात लावावा. समतेची सुरुवात आपल्याच घरातून होते.