पुसू नकोस, टिप

अगं, परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला राहवेना. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी केलीस आणि काळ्याभोर रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघाच रेघा दिसल्या. स्वतःच्या पगाराच्या हप्त्यांवर घेतलेली पहिली गाडी, तीही घरात कुणाची फारशी संमती नसताना. तुझा जीव का तुटला ते मला समजतं. पण तुमच्या देवपुरातल्या कुठल्या पोराने किल्ली ओढली असेल, असा जो संशय तू धरून बसलीस, तो आधी मनातून काढून टाक. किल्लीची रेघ एक असते, लांब असते, बोटाला लागते. या रेघा फडक्याच्या आहेत. गाडी धुऊन झाल्यावर तू ती मायेने, जोर लावून पुसतेस ना, त्या पुसण्याच्या.

वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे सगळेच असं करतात. धुताना सगळे जपतात आणि गाडी ओली, चकचकीत दिसली की वाटतं, आता स्वच्छ झाली, आता कसंही पुसलं तरी चालेल. नेमका तिथेच रंग जातो.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअरकोट म्हणतात त्याला. त्याची जाडी साधारण ३० ते ५० मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे हा थर केसाहूनही पातळ. आता आपल्याकडची धूळ बघ. नुसती काळी माती असती तर एवढं बिघडलं नसतं, ती भिजली की मऊ होते. पण तिच्यात वाळू मिसळलेली असते. गिरणेची, तापीची वाळू भरून डंपर जातात, महामार्गाच्या कडेला खडी पडलेली असते, आणि उन्हाळ्यात वावटळ सुटली की तो सगळा फुफाटा गाडीवर येऊन बसतो. त्यातला गारगोटीचा कण काचेवरही ओरखडा काढतो, मग क्लिअरकोटची काय कथा! असा एक कण फडक्याखाली सापडला आणि तू हात फिरवलास, की जिथवर हात जाईल तिथवर रेघ.

आणि त्या रेघा गोल का दिसतात, हेही सांगते, कारण तू म्हणालीस की तू तर सरळ हात फिरवतेस. रेघा सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती ज्या रेघा आडव्या पडतात तेवढ्याच उजळतात, बाकीच्या दिसत नाहीत, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. तेव्हा हात गोल फिरवला की सरळ, यावर फार विचार करू नकोस. हात कमीत कमी फिरवायचा, हेच खरं.

म्हणजे सुकवण्याची तयारी धुतानाच करायची. तुमच्याकडे धुळ्यात नळ रोज येत नाही, आमच्याकडे जळगावातही तेच. तेव्हा मोजक्या बादल्यांत गाडी धुवावी लागते हे मी गृहीतच धरते. पण वाचवायचं पाणी कुठलं आणि ओतायचं कुठलं, याचा विचार कर. सुरुवातीला, कशालाही हात न लावता, धूळ नुसत्या पाण्याने खाली वाहून जाऊ दे. तिथे कंजूषपणा नको. शाम्पूच्या बादलीशेजारी साध्या पाण्याची बादली ठेव आणि धुण्याचा मऊ हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात खळखळून मगच शाम्पूत घाल. कपड्याची पावडर वापरत असशील तर आजपासून बंद. रंगावर मेण असेल तर ते निघून जातं, अंग कोरडं पडतं, आणि कोरड्या अंगावर टॉवेल घसरत नाही, अडकतो.

आता पाण्याचा गुण. हे मात्र नीट ऐक, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. पाणी सुकतं म्हणजे पाणी उडून जातं, त्यातले क्षार तिथेच राहतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी पिण्यायोग्यच धरतात, पण तेच एक लिटर गाडीच्या अंगावर सुकलं तर अर्धा ग्रॅम पांढरी पूड मागे ठेवतं. बोअरचं पाणी बहुधा याहून जड. घरोघरी आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरतात आणि गाडी धुवायला ठेवतात. पाणी वाचवण्याची ती वृत्ती मला मनापासून आवडते, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते चाकांना वापर, पायदानाखालच्या चिखलाला वापर, पहिल्या धुण्याला वापर. शेवटच्या पाण्याला नको. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर गाडीला अजिबात लावू नकोस. त्यातलं पाणी हवेत गेलेलं असतं आणि क्षार सगळे टाकीत. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी धरता आलं तर ते सोनं समज. पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ दे, मग एक टाकी झाकून ठेव, शेवटच्या दोन बादल्या त्यातल्या.

शेवटचं पाणी मारायचं कसं? पाइपाला तोटी असेल तर ती काढ. जोराची धार नको, मोकळी संथ धार टपाच्या वरच्या कडेवर सोड. फवाऱ्याने हजार थेंब तयार होतात आणि प्रत्येक थेंब तुला टिपावा लागतो. संथ धार मात्र पत्र्यावरून पदरासारखी उतरते आणि वाटेतले थेंब स्वतःबरोबर घेऊन जाते. बादलीच असेल तर तांब्याने वरून सावकाश ओत. निम्मं सुकवण्याचं काम इथेच होतं आणि रंगाला बोटही लागत नाही.

वेळ पहाटेची. मार्च ते जून आपल्याकडचं ऊन मी तुला सांगायला नको. ४४-४५ अंशांत नऊ वाजताच बोनेटवर हात ठेववत नाही. तापलेल्या पत्र्यावर पाणी तुझ्या हाताआधी सुकतं आणि डाग सोडतं. मग ते डाग काढायला तू घासणार आणि घासण्याने रेघा पडणार. म्हणून सूर्य वर यायच्या आत सगळं आटोपून मोकळी हो. ते जमलं नाही तर दिवस मावळल्यावर, इंजीन पूर्ण गार झाल्यावर. तरीही वारा कोरडा असेल तर सगळी गाडी एकदम सुकवायला जाऊ नकोस. टप आणि काचा झाल्या की बोनेट, मग डिकी, मग दारं, अगदी शेवटी दारांचा खालचा भाग. खालच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त वाळू बसते, त्यामुळे तिथे लावलेला टॉवेल पुन्हा वर न्यायचा नाही.

कपड्याचं सांगते आता. आपण कापसाच्या मुलखातल्या. आपल्याला लहानपणापासून वाटतं की जुन्या सुती लुगड्याहून, धुऊन धुऊन विरलेल्या पंच्याहून मऊ जगात काही नाही. अंगाला नाहीच. पण सुती कापडाचा पृष्ठभाग सपाट असतो. कण सापडला तर त्याला आत शिरायला जागा नसते, तो कापड आणि रंग यांच्यामध्ये चिरडत फिरतो. शिवाय कडेची शिवण, बनियनचं लेबल, शर्टाची राहून गेलेली गुंडी. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात डबीत मिळणारी पिवळी शॅमी पाणी छान पिते, पण तिलाही लव नाही. ती काचेला ठेव. रबरी पट्टीचा वायपरही काचेपुरताच, कारण त्याच्या धारेखाली एक कण अडकला की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

घ्यायचा तो मायक्रोफायबरचा जाड टॉवेल. १९७० मध्ये जपानच्या टोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म धाग्यांचं कापड बनवलं, तिथून ही वस्त्रं जगभर पसरली. असा धागा एक डेनियरहून बारीक असतो, म्हणजे ९ किलोमीटर लांब धाग्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. धागे असे चिरलेले असतात की पाणी त्यांच्या फटींत ओढलं जातं आणि चुकून राहिलेला कण लवेच्या आत, रंगापासून दूर बसतो. दुकानात वजनाचा आकडा, म्हणजे जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), विचार. पुसण्याचे साधे रुमाल ३०० जीएसएमच्या आसपास असतात, सुकवण्यासाठी ६०० किंवा त्याहून जाड घे. कड शिवलेली असेल तर ती मऊ आहे ना, बोटाने बघ. लेबल कापून टाक. स्वस्तातले दहा घेण्याऐवजी चांगले दोन घे: एक मोठा अंगासाठी, एक लहान कडा आणि खाचांसाठी.

आणि वापरायचा कसा, तर टॉवेल उलगडून बोनेटवर पसरायचा. वरून तळहाताने हलकेच थोपटायचं. दोन क्षण थांबायचं, पाणी तोच ओढून घेतो. मग उचलून पुढच्या जागी. जिथे ओढावाच लागतो, तिथे दोन कोपरे धरून टॉवेलच्या स्वतःच्या वजनाने ओढायचा, वरून दाबायचं नाही. टॉवेलची चार पदरी घडी केली तर आलटून पालटून आठ बाजू मिळतात, एक ओली झाली की दुसरी घ्यायची. मनात असेल तर क्विक डिटेलर नावाच्या घसरत्या द्रवाचे एक-दोन फवारे ओल्या पत्र्यावर मार, टॉवेल लोण्यावरून फिरल्यासारखा चालतो. आरसे, दारांच्या मुठी, नंबरप्लेट, पेट्रोलचं झाकण इथून तासभर पाणी गळत राहतं. त्यासाठी घरातला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर फार कामाचा, कूलरची धूळ उडवायला आणलेला असतो ना, तोच. फक्त जमिनीजवळ धरू नकोस, नाहीतर अंगणातली धूळ ओल्या रंगावर फेकशील.

आता माणसांचं, कारण रेघा कापडाने पडल्या तरी ते कापड कुणाच्या तरी हातात असतं.

वॉशिंग सेंटरवर तू गेलीस की तुला बाजूच्या खुर्चीत बसवतात आणि गाडीबद्दल काही विचारलंस तर ‘ताई, तुम्ही काळजी नका करू’ म्हणतात. तू काळजी कर. ज्या फडक्याने आधीच्या ट्रॅक्टरचं मडगार्ड पुसलं, तोच तुझ्या टपावर येतो. खुर्चीतून ऊठ, जवळ जा आणि गोड पण ठाम आवाजात सांग, ‘भाऊ, धुवा मनासारखं, पण पुसायला हा माझा टॉवेल. नाहीतर ओलीच द्या, मी टिपून घेते.’ लाजू नकोस. पैसे तू देतेस, गाडी तुझी आहे. वाईट वाटलं त्यांना तर ते संध्याकाळपर्यंत विसरतील, रेघ मात्र राहते.

तुमच्या बिल्डिंगचे काका रोज सकाळी कोरड्या फडक्याने सगळ्यांच्या गाड्या पुसतात, ते सगळ्यात घातक. रात्रभर बसलेली धूळ पाण्यावाचून घासणं म्हणजे रोजची पॉलिशपेपरची फेरी. त्यांचे पैसे कमी करू नकोस, ते चार घरांवर जगतात. काचा, चाकं आणि आतली पायपुसणी त्यांच्याकडे दे, रंगाला हात लावू नका म्हणून एकदाच प्रेमाने समजाव.

आणि आखाजीला अमळनेरला आपण दोघी जमू तेव्हा आप्पा पंचा खांद्यावर टाकून तुझी गाडी पुसायला येणार, हे मला आत्ताच दिसतंय. लेकीच्या गाडीचा अभिमान ते तोंडाने बोलून दाखवणार नाहीत, पुसून दाखवतील. त्यांना नको म्हणू नकोस गं. पाइप त्यांच्या हातात दे. ‘आप्पा, तुम्ही वरून संथ पाणी सोडा, मी मागून टिपते,’ एवढं म्हण. दसऱ्याला गाडीची पूजा करशील तेव्हाही तसंच. झेंडूच्या माळेची तार रंगाला लागू देऊ नकोस, दोऱ्यात ओवून घे, आणि बोनेटवरचं हळदीकुंकू कोरडं झटकायचं नाही, आधी पाण्याने वाहू द्यायचं.

पडलेल्या रेघांचं काय, असं विचारशील. एखाद्या नीट माणसाकडून एकदा हलकं पॉलिश करून घे. पण पॉलिश रेघ भरत नाही, भोवतालचा क्लिअरकोट घासून रेघेच्या पातळीला आणतं. थर केसाहून पातळ, त्यामुळे हा उपाय दर वर्षी करण्याजोगा नाही. सिरॅमिक कोटिंगचा खर्च करायचा तर पॉलिशनंतर कर, मात्र ते केलं म्हणून कुठलाही फडका चालेल असं समजू नकोस. क्षारांचे ताजे पांढरे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी कापडात भिजवून सावलीत मिनिटभर वर ठेव, मग भरपूर पाणी. घासायचं नाही.

टॉवेल घरच्या कपड्यांत धुवू नकोस, सुती कपड्यांचे धागे त्याच्या लवेत अडकतात. वेगळा, कोमट पाण्यात, थोड्या पातळ साबणाने. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव त्यात घालायचं नाही, धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी प्यायचा थांबतो. वाळत घालायचा तो सावलीत, आणि घरातच. गच्चीवर घातलास तर वावटळीत तोच वाळूने भरेल. गाडी धुताना कधी टॉवेल हातून अंगणात पडला, तर झटकून परत वापरू नकोस, त्या दिवसापुरता तो चाकांचा. 

आणि सगळं झालं की गाडी तशीच कव्हर घालून ठेवू नकोस. ओल्या अंगावर कव्हर ओढलं की आतली धूळ घासते. आधी गल्लीत एक चक्कर मार, दोन-तीनदा ब्रेक दाब, डिस्कवरचं पाणी उडून जाईल, दारांच्या फटीतलं गळून जाईल. परत आलीस की लहान टॉवेलने आरशाखालचे ओघळ टिप आणि मग मला फोटो पाठव.