उद्याचा माणूस : कल्पना, विज्ञान आणि विवेक

माणूस आज जसा आहे तसाच उद्याही राहील, की विज्ञानाच्या साहाय्याने तो आपले शरीर, आयुष्य व बुद्धी बदलून घेईल, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून कलावंत, शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार यांच्यापुढे उभा आहे. वरवर पाहता हा युरोप-अमेरिकेतील विचारवंतांच्या चर्चेचा विषय वाटतो. परंतु गर्भजलपरीक्षा व सोनोग्राफी यांच्या रूपाने तो महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत केव्हाच येऊन पोचला आहे. कोणते मूल जन्माला यावे हे ठरविण्याची शक्ती हाती आल्यावर समाज कसा वागतो, याचा अनुभव या राज्याने घेतला आहे. म्हणूनच या विचाराची वाटचाल शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कलेतील भविष्यवाद

२० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकात इटालियन कवी मारिनेत्ती यांचा एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. 'फ्यूचरिझम' म्हणजेच भविष्यवाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलापंथाचा तो आरंभ होय. जुनी वस्तुसंग्रहालये व ग्रंथालये मोडून टाकावीत, वेग आणि यंत्र हेच नव्या युगाचे सौंदर्य मानावे, असे त्यात आवेशाने सांगितले होते. युद्धाचाही त्यात गौरव होता. या पंथातील शिल्पकार उंबेर्तो बोच्चोनी यांनी १९१३ साली घडविलेली एक मानवाकृती प्रसिद्ध आहे. पुढे झेपावणाऱ्या त्या आकृतीला हात नाहीत. तिचे शरीर वाऱ्याने आणि धातूने घडविल्यासारखे दिसते. इटलीच्या वीस सेंटच्या युरो नाण्यावर आज तीच आकृती कोरलेली आहे.

पहिल्या महायुद्धात या पंथातील अनेक कलावंत स्वेच्छेने सामील झाले. बोच्चोनी हे ऑगस्ट १९१६ मध्ये लष्करी शिक्षण घेत असता घोड्यावरून पडून मरण पावले. नव्या यंत्रमय नगरांचे आराखडे रेखाटणारे वास्तुकार सांत-एलिया त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रणांगणावर पडले. मारिनेत्ती पुढे मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचे पाठीराखे झाले. यंत्राची उपासना करणाऱ्या या पंथाने, यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या हाती, हा प्रश्न विचारलाच नव्हता.

डेडॅलस आणि इकॅरस

तो प्रश्न महायुद्धानंतर पुढे आला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी फ्रान्स व मेसोपोटेमिया येथील रणभूमीवर युद्ध जवळून पाहिले होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये केंब्रिज येथे त्यांनी विज्ञानाच्या भवितव्यावर एक निबंध वाचला. ग्रीक पुराणकथेतील कुशल कारागीर डेडॅलस याचे नाव त्यांनी त्या निबंधाला दिले होते. पुढील क्रांती जीवशास्त्राची असेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. दीडशे वर्षांनंतरचा एक विद्यार्थी मागे वळून इतिहास सांगत आहे, अशी कल्पना करून त्यांनी लिहिले की, मातेच्या शरीराबाहेर वाढविलेले पहिले मूल १९५१ साली जन्माला आले आणि त्या विद्यार्थ्याच्या काळात इंग्लंडमधील तीस टक्क्यांहूनही कमी मुले मातेच्या उदरातून जन्म घेतात.

या आशावादाला तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९२४ साली उत्तर दिले. डेडॅलसने तयार केलेले पंख लावून त्याचा पुत्र इकॅरस सूर्याच्या फार जवळ गेला, पंखांचे मेण वितळले आणि तो समुद्रात पडला, अशी कथा आहे. रसेल यांनी आपल्या पुस्तिकेस त्या पुत्राचेच नाव दिले. विज्ञानाचा उपयोग माणसांना सुखी करण्याऐवजी सत्ताधारी गटांचे बळ वाढविण्याकडे होईल, ही त्यांची भीती होती. माणसाच्या अंगी दया व विवेक नसेल, तर नुसते ज्ञान वाढून भागत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. पुढील शंभर वर्षांतील सारी चर्चा या दोन पुस्तिकांच्या दरम्यानच फिरत राहिली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नाटक व कादंबरी

साहित्यिकांनी हाच प्रश्न सामान्य वाचकापर्यंत नेला. चेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक जानेवारी १९२१ मध्ये प्राग येथील राष्ट्रीय रंगमंचावर आले. 'रोबोट' हा शब्द त्याच नाटकाने जगाला दिला. तो सुचविला मात्र कारेल यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे सक्तीची मजुरी, वेठबिगार. या नाटकातील रोबोट लोखंडाचे नाहीत, ते रासायनिक रीतीने घडविलेल्या मांसाचे आहेत. राबणारा परंतु हक्क न मागणारा माणूस निर्माण करण्याची मालकवर्गाची इच्छा हे त्या नाटकाचे बीज आहे.

१९३२ साली अल्डस हक्सले यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हाल्डेन यांनी कल्पिलेली देहबाह्य गर्भवाढ या कादंबरीत प्रत्यक्षात आली आहे. तेथे मुले काचेच्या बाटल्यांत वाढतात आणि जन्मापूर्वीच त्यांची वाटणी पाच वर्गांत होते. वरच्या वर्गाचे गर्भ जपले जातात. खालच्या वर्गाच्या गर्भांना प्राणवायू कमी देऊन त्यांची बुद्धी मुद्दाम खुंटविली जाते. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा अर्थ काय, हे भारतीय वाचकाला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जुनी विषमता नव्या विज्ञानाच्या बळावर अधिक पक्की होऊ शकते, हे या कादंबरीने दाखवून दिले.

सुप्रजननाची काळी छाया

अल्डस यांचे ज्येष्ठ बंधू ज्युलियन हक्सले हे ख्यातनाम जीवशास्त्रज्ञ आणि युनेस्कोचे पहिले महासंचालक होते. मानवजात ठरवून स्वतःच्या मर्यादा ओलांडू शकेल, या विचाराला त्यांनी १९५७ साली 'ट्रान्सह्यूमॅनिझम' असे नाव दिले. मराठीत त्यास 'मानवातीतवाद' म्हणता येईल. दारिद्र्य, रोगराई आणि अज्ञान यांमुळे बहुसंख्य माणसांच्या क्षमता फुलतच नाहीत, ही त्यांची खंत प्रामाणिक होती. तथापि हेच हक्सले ब्रिटनच्या सुप्रजनन संस्थेचेही अध्यक्ष झाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

'चांगल्या' वंशाची माणसे वाढवावीत आणि 'हीन' मानलेल्यांची संतती थांबवावी, या मताचे दुष्परिणाम तोवर जगाने भोगले होते. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९३३ साली जर्मनीत नाझी राजवटीने तसाच कायदा करून सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांचे निर्बीजीकरण केले. या मताचा शास्त्रीय पाया किती कच्चा आहे, हे १९३८ साली दाखवून देणाऱ्यांत स्वतः हाल्डेन अग्रभागी होते. १९५७ साली ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावले.

प्रयोगशाळेतून प्रसूतिगृहाकडे

हाल्डेन यांचे भाकीत अंशतः खरे ठरले. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले पहिले बालक २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्यानंतर सत्तरच दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले असे बालक जन्मास आले. दुर्दैवाने त्यांच्या हयातीत या कार्याला मान्यता मिळाली नाही. १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपविले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. पुढे डॉ. आनंदकुमार यांनीच मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासली आणि १९९७ साली पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. संपूर्ण गर्भवाढ शरीराबाहेर घडविणे मात्र मानवाच्या बाबतीत अद्याप साध्य झालेले नाही.

अपत्यहीन दांपत्यांना या विज्ञानाने दिलासा दिला. पण त्याच दशकात गर्भशास्त्राची दुसरी बाजूही प्रकट झाली. गर्भातील दोष ओळखण्यासाठी असलेल्या गर्भजलपरीक्षेचा उपयोग मुलीचा गर्भ हेरून तो काढून टाकण्यासाठी होऊ लागला. मुंबईतील स्त्रीसंघटना व आरोग्य कार्यकर्ते यांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि १९८८ साली महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदानतंत्रांचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला आणि २००३ साली गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीवरही बंदी आली. सोनोग्राफीवर कायद्याची बंदी नाही. बंदी आहे ती लिंग सांगण्यावर व विचारण्यावर. तरीही राज्यातील सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. येथे कोणी हुकूमशहा नव्हता, कोणाचा वटहुकूम नव्हता. घराघरांतील खासगी निर्णयांतूनच एक पिढी 'निवडली' गेली.

जनुकांची नवी कात्री

याहून प्रभावी साधन आता उपलब्ध झाले आहे. २०१२ साली 'क्रिस्पर' ही जनुके नेमक्या जागी कापण्याची पद्धत पुढे आली. तिच्या शोधाबद्दल एमान्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांना २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीवर आधारलेल्या सिकलसेलवरील उपचारास २०२३ साली प्रथम ब्रिटनने व नंतर अमेरिकेने मान्यता दिली. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांना सिकलसेलच्या वेदना चांगल्या परिचयाच्या आहेत. परंतु अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे बावीस लाख डॉलर ठरविण्यात आली. ज्याला औषधाची सर्वाधिक गरज, त्याच्यापासूनच ते सर्वाधिक दूर, अशी ही स्थिती आहे.

या उपचारात रुग्णाच्या रक्तपेशींतील बदल त्याच्यापुरताच राहतो. याउलट २०१८ साली चीनमधील एका संशोधकाने गर्भावस्थेच्या आरंभीच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. असा बदल पुढील पिढ्यांतही उतरू शकतो. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला आणि २०१९ साली तेथील न्यायालयाने त्याला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. साधन एकच, एके ठिकाणी ते दुःख दूर करते, तर दुसऱ्या ठिकाणी न जन्मलेल्यांच्या वतीने निर्णय घेते.

विवेकाची कसोटी

मराठी विज्ञानसाहित्यानेही हा धोका ओळखला होता. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत स्वयंविचारी यंत्रमानव निर्माण करणाऱ्या एका प्राचीन संस्कृतीच्या विनाशाचा शोध लागतो. बळीने त्रिपाद भूमी देण्याचे वचन दिले, तेव्हा मागणाऱ्याचे पाऊल केवढे आहे याची त्याला कल्पना नव्हती. नव्या साधनाला होकार देताना समाजाचीही अनेकदा तीच अवस्था होते.

यावर उपाय म्हणून विज्ञानाकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. पांगळ्याला पाय, बहिऱ्याला श्रवण आणि सिकलसेलच्या रुग्णाला वेदनामुक्त आयुष्य मिळावे, हे कोणीही नाकारणार नाही. मात्र प्रत्येक नव्या साधनाबाबत काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ते दुःख कमी करते, की माणसामाणसांत पायऱ्या निर्माण करते? निर्णय कोण घेतो आणि ज्याच्याविषयी निर्णय होतो त्याचे म्हणणे कोण मांडतो? रांगेतील शेवटच्या माणसापर्यंत ते केव्हा पोचणार?

शिक्षकांना हे प्रश्न वर्गात मांडता येतील. अधिकाऱ्यांना कायद्याच्या काटेकोर अंमलबजावणीतून त्यांचे उत्तर देता येईल. पंचायत सदस्यांच्या हाताशी तर त्याहून जवळचे साधन आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी जन्मनोंदवही असते. गेल्या दहा वर्षांत गावात किती मुलगे आणि किती मुली जन्मल्या, हे ग्रामसभेत वाचून दाखविण्यास कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही. उद्याच्या माणसाविषयी हाल्डेन व रसेल यांच्यात झालेल्या वादाचे त्या गावापुरते उत्तर त्या दोन आकड्यांत सापडेल.