वस्तीच्या राखणीसाठी कॅमेऱ्याची निवड

शेतावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास चोरीची धास्ती नवी नाही. विहिरीवरील मोटार, स्टार्टर व केबल, गोठ्यातील शेळ्या, चाळीतील कांदा, काढणीला आलेले डाळिंब यांपैकी काही ना काही चोरीला गेल्याचे प्रत्येक गावात ऐकू येते. पूर्वी राखणीला घरचे माणूस किंवा सालगडी असे. आता माणूसबळ कमी झाले, मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी शहरात गेली आणि अनेक वस्त्यांवर दोन वृद्ध माणसेच उरली. त्यामुळे कॅमेरे बसविण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढला आहे.

मात्र बऱ्याच ठिकाणी असे दिसते की, पैसे खर्च होतात, कॅमेरे बसतात, पण चोरी झाल्यावर चित्रण पाहिले तर एक काळी आकृती चालत गेलेली दिसते. चेहरा ओळखू येत नाही. कधी नेमक्या त्या रात्री वीज नसते, तर कधी चोर रेकॉर्डरच घेऊन जातो. याचे मुख्य कारण म्हणजे कॅमेऱ्याची निवड दुकानात बसून होते. ती आपल्या मळ्यात उभे राहून व्हावयास हवी. त्या दृष्टीने कोणत्या बाबींचा विचार करावा, हे या लेखात पाहू.

प्रथम वस्तीची पाहणी करावी

कोऱ्या कागदावर वस्तीचा कच्चा नकाशा काढावा. त्यात घर, ओटा, गोठा, चाळ, विहीर, रस्ता, पायवाटा, विजेचे खांब व मोठी झाडे दाखवावीत. दोन ठिकाणांमधील अंतर पावलांनी मोजून फुटांत लिहावे. त्यानंतर एकदा रात्री, विजेचे दिवे बंद करून, सर्व जागा फिरून पाहाव्यात. परका माणूस कोणत्या वाटेने येईल, माल भरण्यासाठी वाहन कोठे उभे करील, कोणती बाजू घरातून दिसत नाही, हे दिवसापेक्षा रात्री चांगले कळते.

आता प्रत्येक जागेपुढे कॅमेऱ्याचे काम लिहावे. ही कामे तीन प्रकारची असतात.

१) कोणीतरी आले एवढे कळणे.
२) आलेला माणूस ओळखीचा की परका, हे कळणे.
३) परक्या माणसाचा चेहरा पुढे ओळख पटविण्याइतका स्पष्ट मिळणे.

तिसरे काम सर्वांत अवघड असते व ते प्रत्येक कॅमेऱ्याकडून होत नाही. वस्तीवर येण्याची वाट जेथे अरुंद होते, म्हणजे फाटक, गोठ्याचे दार किंवा घराचे दार, तेथे हे काम घ्यावे. मोकळ्या रानावर पहिल्या कामावर समाधान मानावे.

मेगापिक्सेल आणि लेन्स

दुकानात प्रथम मेगापिक्सेल सांगितले जातात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राच्या रुंदीत १,९२० चित्रबिंदू असतात, तर चार मेगापिक्सेलच्या चित्रात साधारणपणे २,५६०. परक्या माणसाची ओळख पटविण्यासाठी दर मीटर रुंदीला २५० चित्रबिंदू मिळावेत, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा निकष आहे. १,९२० ला २५० ने भागले असता ७.७ मीटर, म्हणजे सुमारे २५ फूट येतात. याचा अर्थ, दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात माणूस उभा असलेल्या ठिकाणी २५ फुटांपेक्षा जास्त रुंदी मावत असेल, तर चेहऱ्याची खात्री देता येत नाही. चार मेगापिक्सेलला हीच मर्यादा सुमारे ३३ फूट येते.

किती रुंदी मावणार हे लेन्सवर अवलंबून असते. लेन्सचा आकडा लहान असेल तर चित्र रुंद पण माणूस बारीक दिसतो. आकडा मोठा असेल तर चित्र अरुंद पण माणूस मोठा दिसतो. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी अंदाज घेण्यास पुढील तक्ता उपयोगी पडेल.

लेन्स २.८ मि.मी. : चेहरा सुमारे १४ फुटांपर्यंत, ओळखीचा माणूस सुमारे २८ फुटांपर्यंत. ओटा व अंगण यांसाठी योग्य.
लेन्स ४ मि.मी. : चेहरा सुमारे १८ फुटांपर्यंत, ओळखीचा माणूस सुमारे ३६ फुटांपर्यंत. गोठा व चाळ यांसाठी योग्य.
लेन्स ६ मि.मी. : चेहरा सुमारे २८ फुटांपर्यंत, ओळखीचा माणूस सुमारे ५६ फुटांपर्यंत. फाटक व रस्ता यांसाठी योग्य.

हे आकडे चांगल्या उजेडातील आहेत. रात्री अंतर कमी धरावे. एकच कॅमेरा उंच खांबावर बसवून सारा मळा राखण्याची कल्पना का फसते, हे यावरून लक्षात येईल.

रात्रीचे चित्रण

बहुतेक कॅमेऱ्यांत अवरक्त किरणांचे दिवे असतात. त्यामुळे अंधारात काळे-पांढरे चित्र मिळते. खोक्यावर ३० मीटर लिहिले असले, तरी तेवढ्या अंतरावर चेहरा दिसेल असा त्याचा अर्थ नाही. तेथे हालचाल कळते इतकेच. काही कॅमेरे पांढरा दिवा लावून रंगीत चित्र देतात. अंगणात असा कॅमेरा दुहेरी उपयोगाचा ठरतो, कारण अचानक दिवा लागल्याने आलेला माणूसही बिचकतो.

कॅमेरा पत्र्याच्या कडेला किंवा पांढऱ्या भिंतीला लागून बसवू नये. किरण परावर्तित होऊन चित्र पांढुरके होते. या दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो व लेन्ससमोर जाळे विणतो. पावसाळ्यात दर आठवड्याला मऊ फडक्याने लेन्स पुसावी व जाळे काढावे.

जोडणीचे प्रकार

१) डीव्हीआर व कोएक्सियल तार : हा प्रकार स्वस्त असून गावातील कारागिरास परिचित आहे. कॅमेऱ्यास विजेची तार वेगळी न्यावी लागते. लांब तारेत १२ व्होल्टचा दाब उतरतो, त्यामुळे रात्री दिवे लागले की दूरचा कॅमेरा बंद पडतो.

२) एनव्हीआर व नेटवर्क तार : यात एकाच तारेतून वीज व चित्र दोन्ही जातात. मात्र एका तारेची लांबी १०० मीटर, म्हणजे सुमारे ३२८ फूट, यापेक्षा जास्त नसावी. तार शुद्ध तांब्याची घ्यावी. सुरीने खरवडल्यावर आतून पांढरी दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार समजावी व घेऊ नये.

३) वायफाय कॅमेरा : घरात व ओट्यावर चालतो. जाड भिंत व पत्रा यांपलीकडे भरवसा नाही.

४) सिमकार्ड व सौर पट्टीचा कॅमेरा : जेथे वीज व तार नेणे शक्य नाही तेथे उपयोगी. मात्र बॅटरी वाचविण्यासाठी असे बरेच कॅमेरे झोपलेले असतात व हालचाल झाल्यावर जागे होतात. त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद निसटतात. घेण्यापूर्वी त्याच जागी त्याच कंपनीचे सिम मोबाईलमध्ये घालून नेटवर्क मिळते का ते पाहावे. सौर पट्टी दक्षिणेकडे तोंड करून व झाडाची सावली पडणार नाही अशी बसवावी.

विजेची तजवीज

शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज चोवीस तास नसते. ठरलेल्या पाळीनेच मिळते. म्हणून राखणीची यंत्रणा बॅटरीवर चालली पाहिजे. चार कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर मिळून सुमारे ५० वॅट वीज लागते, असे धरू. बारा तासांच्या रात्रीस ६०० वॅट-तास होतात. इन्व्हर्टरमधील घट धरून ७५० वॅट-तास समजावेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास साठतात. त्यांपैकी निम्मेच वापरावेत, म्हणजे बॅटरी टिकते. या हिशेबाने एक रात्र निभावते. त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे चालविल्यास मात्र पहाटेपूर्वी बॅटरी उतरते, आणि चोरी बहुधा त्याच वेळी होते.

मोकळ्या रानातील वस्तीस विजेचा धोका जास्त असतो. अर्थिंग चांगले करून घ्यावे व तारेच्या दोन्ही टोकांस सर्ज प्रोटेक्टर बसवावा.

चित्रणाची साठवण

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीने सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चित्रण करीत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना सुमारे ८६ जीबी. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर सुमारे ११ दिवस व दोन टीबीच्या डिस्कवर २३ दिवसांचे चित्रण राहते. कांद्याचे काही वक्कल कमी झाल्याचे पंधरवड्याने लक्षात येऊ शकते. म्हणून दोन टीबी घेणे हिताचे.

मोबाईलवर थेट चित्र पाहताना याच वेगाने तासाला सुमारे ०.९ जीबी डेटा खर्च होतो. रोज दीड जीबीचा पॅक दोन तासही पुरणार नाही. फोनवर पाहण्यासाठी कमी दर्जाचा प्रवाह निवडावा व मूळ चित्रण घरच्या डिस्कवर ठेवावे.

उदाहरणादाखल एक वस्ती

समजा, घरापासून फाटक ८० फूट, गोठा ६० फूट, कांदाचाळ १५० फूट व विहीर ९०० फूट अंतरावर आहे. अशा वस्तीसाठी पुढीलप्रमाणे मांडणी करता येईल.

फाटकाच्या आतील बाजूस, वाटेकडे तोंड करून, ६ मि.मी. लेन्सचा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवावा. ओट्यावर २.८ मि.मी.चा रुंद कॅमेरा व गोठ्याच्या दारासमोर ४ मि.मी.चा कॅमेरा ठेवावा. चाळीच्या एका टोकास ४ मि.मी.चा कॅमेरा अशा रीतीने लावावा की, चाळीची पूर्ण लांबी व वाहन उभे राहण्याची जागा त्यात येईल. हे चारही कॅमेरे नेटवर्क तारेच्या मर्यादेत बसतात. फाटकाचा कॅमेरा जास्त मेगापिक्सेलचा असल्याने साठवणीचे दिवस काहीसे कमी होतील.

विहिरीचे अंतर तारेच्या मर्यादेबाहेर आहे. तेथे सिमकार्डाचा कॅमेरा लावण्यापूर्वी विचार करावा, कारण चोर तो कॅमेराही नेऊ शकतो. केबल पाइपमधून जमिनीखाली घेणे, मोटारीवर खूण कोरणे व केबल तुटताच फोन करणारा मोबाईल स्टार्टर बसविणे हे उपाय तेथे अधिक उपयोगी ठरतात.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात, उदाहरणार्थ जुन्नर परिसरात, गोठ्याजवळ कोणते जनावर आले हे कॅमेऱ्याने कळते. परंतु जनावरे वाचवितो तो पक्का बंदिस्त गोठा. उपलब्ध पैशातून एकच काम होणार असेल, तर गोठा आधी बंदिस्त करावा.

खरेदी करताना व बसविताना

१) केंद्र शासनाने २०२४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीचे निकष बंधनकारक झाले आहेत. खोक्यावरील बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहावा व तो बीआयएस केअर ॲपवर तपासून घ्यावा. बिल व वॉरंटी कार्ड जपून ठेवावे.

२) बाहेर बसवावयाचा कॅमेरा आयपी ६६ किंवा आयपी ६७ दर्जाचा असावा. जोड उघड्यावर न ठेवता डबीत बंद करावेत.

३) चेहऱ्यासाठी कॅमेरा ८ ते १० फूट उंचीवर बसवावा. त्यापेक्षा उंच बसविल्यास टोपी व डोकेच दिसते. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे तोंड करू नये.

४) रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवू नये. कुलूपबंद, पण हवा खेळती असलेल्या कपाटात ठेवावा.

५) कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर जगभर ताब्यात घेतले होते. नवा पासवर्ड स्वतः घालावा; कारागिराकडे ठेवू नये.

६) सूचना येण्याची सोय फक्त माणसाच्या हालचालीपुरती ठेवावी. नाहीतर शेळ्या व हलणाऱ्या फांद्यांमुळे फोन सतत वाजतो आणि मग खऱ्या वेळी कोणी पाहत नाही.

७) शेजाऱ्याचे अंगण, मजुरांची खोपी, न्हाणी व पाणवठा कॅमेऱ्यात येऊ देऊ नये. स्त्रीचे खाजगी क्षणांचे चित्रण करणे हा गुन्हा आहे. कामावर येणाऱ्या माणसांना कॅमेरे असल्याचे सांगावे.

चोरी झाल्यास

फोनवर परका माणूस दिसला तर काठी घेऊन एकट्याने बाहेर पडू नये. दार आतून बंद ठेवावे, ११२ क्रमांकावर फोन करावा व शेजारच्या वस्त्यांना कळवावे. नंतर त्या वेळेचे चित्रण ताबडतोब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. जुने चित्रण आपोआप पुसले जाते. रेकॉर्डरमधील मूळ चित्रण तसेच राहू द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण पुरावा म्हणून देताना ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याबाबत पोलिसांकडून माहिती घ्यावी. रेकॉर्डरचे घड्याळ बरोबर असणे यासाठी फार महत्त्वाचे आहे.

दर अमावास्येला एक परीक्षा घ्यावी. रात्री मेन स्विच बंद करावा, घरातील एकाने फाटकापासून चाळीपर्यंत चालत जावे आणि सकाळी ते चित्रण सर्वांनी मिळून पाहावे. चेहरा दिसला का, वेळ बरोबर आहे का, बॅटरी किती टिकली, हे वहीत लिहून ठेवावे. घरच्या माणसाचा चेहरा जेथे ओळखू येत नाही, तेथे चोराचाही येणार नाही. तो कॅमेरा दुसऱ्याच दिवशी हलवावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मजबूत कुलूप, अंगणातला दिवा, जागे कुत्रे आणि हाकेला धावून येणारा शेजारी यांची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही. त्यांच्या जोडीला, जागा पाहून व हिशेब करून बसविलेला कॅमेरा मात्र वस्तीवरच्या माणसांना रात्रीची शांत झोप देऊ शकतो.